सेबल, साब्ल की साबळे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंग्रजी-मराठी कोशात ‘सेबल’ या शब्दापुढे ‘काळा’ आणि ‘उत्तरेकडचा एक केसाळ प्राणी’ एवढंच मिळतं. भाषांतराला येणाऱ्या कागदांत मात्र हा शब्द मासळीच्या तक्त्यात, मातीच्या अहवालात, कुत्र्याच्या जनुक-चाचणीत, दातांच्या प्रयोगशाळेतल्या सूचनांत आणि संगणकशास्त्राच्या प्रबंधातही दिसतो. मग मराठीत कुठे काय लिहायचं?

रोमन लिपीत एस, ए, बी, एल, ई ही पाच अक्षरं तशीच्या तशी दिसतात, म्हणून हा एकच शब्द वाटतो. प्रत्यक्षात ते चार वेगळे शब्द आहेत आणि त्यांत भर म्हणून बरीच विशेषनामं. पहिला रशियन ‘सोबल’वरून आलेला, प्राण्याचा. दुसरा लॅटिन ‘साबुलुम’वरून फ्रेंचमध्ये आलेला, वाळूचा. तिसरा स्पॅनिश, तलवारीचा. चौथा आपला, मराठी आडनावाचा. देवनागरीत लिहिताना उच्चार ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि उच्चार ठरवायचा तर अर्थ आधी कळायला हवा. इंग्रजीत लपून राहणारी संदिग्धता मराठीत पहिल्याच अक्षराला उघडी पडते. भाषांतर करणाऱ्याला हे कटकटीचं वाटतं, पण फायदाही यातच आहे.

म्हणून कोश उघडण्याआधी चार गोष्टी बघायच्या. कागदाची मूळ भाषा कोणती, शब्द कोणत्या रकान्यात आहे (लेखक, प्रजाती, साहित्य की पद्धत), पहिलं अक्षर मोठं आहे का, आणि लगेच पुढचा शब्द काय आहे. पुढचा शब्द ‘ब्रश’, ‘अँटिलोप’, ‘आयलंड’ किंवा ‘सिस्टिम्स’ असेल तर काम तिथेच संपतं.

घरच्यापासून सुरुवात करू. लेखकांच्या रकान्यात हे रूप दिसलं आणि पुढे आद्याक्षरं असली, तर ते बहुतेक वेळा ‘साबळे’ असतं. रोमनमध्ये ‘ळ’ नाही आणि शेवटचा ‘ए’ इंग्रजी वाचणारा गिळतो. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवणारे बीडचे अविनाश साबळे यांचं आडनाव परदेशी निकालपत्रकात याच पाच अक्षरांनी छापलं जातं. क्रीडाविज्ञानाचा मजकूर यंत्राने मराठीत आणला की ‘सेबल’ नावाचा धावपटू तयार होतो, आणि मराठी वाचकासमोर तशी चूक जाणं लाजिरवाणं आहे. संदर्भसूचीत भारतीय आद्याक्षरं, पुण्या-नागपुरातली संस्था असं काही दिसलं की ‘साबळे’ लिहावं. तरीही खात्री नसेल तर नाव रोमनमध्येच ठेवावं, अंदाजाने देवनागरी करू नये.

आता मूळ प्राणी. मार्टेस झिबेलिना हा मार्टेन गटातला मांसभक्षी प्राणी, मुख्यतः सायबेरियाच्या तैगा जंगलातला. जपानच्या होक्काइदो बेटावरही तो आहे. लिनियसने १७५८ साली त्याची नोंद केली. याच्याच कातड्यासाठी रशियन व्यापारी पूर्वेकडे सरकत गेले. शिकार इतकी झाली की बैकाल सरोवराच्या काठी बार्गुझिनचं राखीव क्षेत्र प्रामुख्याने या प्राण्याला वाचवण्यासाठी उभं करावं लागलं. प्राणिशास्त्राच्या मजकुरात ‘सेबल’ असंच लिहावं आणि पहिल्या उल्लेखाला लॅटिन नाव जोडावं. फारसी-उर्दूतून आलेला ‘समूर’ हा शब्द मोगल दरबारातल्या पोशाखांच्या वर्णनात शोभतो, जनुकशास्त्रात नाही. जुन्या व्यापारी कागदांत सावध राहायचं: ‘हडसन बे सेबल’ किंवा ‘अमेरिकन सेबल’ म्हणजे उत्तर अमेरिकेतला वेगळा मार्टेन, मार्टेस अमेरिकाना. फर विकणाऱ्यांनी महागड्या कातड्याचं नाव स्वस्त कातड्यावर चढवलं आणि ते तसंच नोंदवह्यांत राहिलं.

या प्राण्यावरून युरोपातल्या ढालचिन्हांच्या परिभाषेत ‘सेबल’ म्हणजे काळा रंग झाला. गंमत अशी की खुद्द प्राणी काळा नसतो. त्याची सर्वांत महागडी कातडीही गडद तपकिरी असते. इथून शब्दाला दोन फांद्या फुटल्या. एका फांदीला ‘सेबल’ म्हणजे काळा, दुसरीला ‘त्या फरसारखा’, म्हणजे तपकिरी, किंवा टोकाला काळी झाक असलेला. जीवशास्त्रातला जवळजवळ सगळा गोंधळ या दोन फांद्यांमुळे आहे.

काळ्या फांदीचं ठळक उदाहरण म्हणजे सेबल अँटिलोप, हिप्पोट्रॅगस नायजर. आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागातलं हे मोठं कुरंग. नराचा रंग चकाकता काळा, पोट पांढरं, शिंगं मागे वळलेली आणि मीटरभराहून लांब होऊ शकणारी. त्याचं वर्णन १८३८ साली विल्यम कॉर्नवॉलिस हॅरिस याने केलं. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला इंजिनियर अधिकारी. आजारपणाच्या रजेवर तो दक्षिण आफ्रिकेत गेला आणि १८३६ च्या अखेरीस मागालीसबर्गच्या डोंगरात त्याला हा प्राणी दिसला. १८४८ साली तो वारला तो पुण्याजवळ. तरीही मराठीत या प्राण्याला ‘काळवीट’ लिहू नका. ही चूक वारंवार होते, कारण रंगाचं वर्णन दोघांचंही जुळतं. काळवीट म्हणजे अँटिलोपे सर्व्हिकाप्रा. त्याचा नर ३५-४० किलोचा, सेबल अँटिलोपचा सव्वादोनशे किलोच्या आसपास. तक्त्यात वजन आलं की ‘२३० किलोचा काळवीट’ असं वाक्य तयार होतं आणि जाणकार वाचक पान बंद करतो. शिवाय मादी आणि पिल्लं तांबूस-तपकिरी असतात, म्हणून ‘काळं कुरंग’ हे भाषांतरही अर्धवटच. ‘सेबल अँटिलोप’ हेच ठेवावं. आफ्रिकेतल्या अभयारण्यांच्या अहवालात नुसतं ‘सेबल’ असतं, ते हेच. इंग्रजीत त्याचं अनेकवचनही बहुधा तसंच राहतं, तेव्हा एक की अनेक ते क्रियापदावरून ठरवायचं. अंगोलातली जायंट सेबल ही दुर्मीळ उपप्रजात तिथलं राष्ट्रीय प्रतीक आहे.

दुसऱ्या फांदीवर कुत्री, मांजरं आणि ससे. इथे ‘सेबल’चं भाषांतर ‘काळा’ केलं तर अहवालच उलटा होतो. कोली जातीत सेबल म्हणजे पिवळसर-तांबूस अंग आणि केसांच्या टोकांना काळेपणा. त्यामागे एएसआयपी जनुकाचं जुन्या लिखाणात ‘ए-वाय’ म्हटलं जाणारं रूप असतं. जर्मन शेफर्डमध्ये ‘सेबल’ म्हणतात ते लांडग्यासारख्या पट्टेदार केसांना, आणि ते त्याच जनुकाचं वेगळं रूप, ‘ए-डब्ल्यू’. इंग्लिश कॉकर स्पॅनियलमध्ये सेबल वेगळ्याच जनुकातून येतो, एमसी१आरच्या एका प्रकारातून. नाव एक आणि त्यामागच्या वाटा तीन. चाचणीचा अहवाल मराठीत समजावून सांगायचा असेल तर जातीचं नाव आधी लिहा, मग जनुकाचं रूप, आणि शेवटी दिसणारा रंग. आणखी एक भानगड: के या स्थानावर प्रबळ काळ्याचं रूप असेल, किंवा एमसी१आरची दोन्ही रूपं ‘लहान ई’ असतील, तर एएसआयपी काहीही सांगो, कुत्रा सेबल दिसत नाही. पैदास करणारे एकच ओळ वाचतात आणि मग पिल्लं वेगळ्या रंगाची निघाली म्हणून प्रयोगशाळेला दोष देतात. २०२१ साली एएसआयपी जनुकाच्या दोन नियंत्रक भागांवरून नवी विभागणी मांडली गेली आणि जुन्या ‘ए-वाय’चे ‘डॉमिनंट येलो’ व ‘शेडेड येलो’ असे दोन भाग पडले. त्यामुळे जुना आणि नवा अहवाल शेजारी ठेवताना नावं जुळणार नाहीत. अमेरिकेत बर्मीज मांजराचा ‘सेबल’ म्हणजे गडद तपकिरी. फेरेटचा ‘सेबल’ म्हणजे त्याचा नेहमीचा रानटी रंग. सशांचा आणखी निराळा.

आता ज्या ठिकाणी हा शब्द विज्ञानाच्या ‘साहित्य आणि पद्धती’ विभागात सर्वाधिक भेटतो, तो ब्रश. इथे पहिली गोष्ट लक्षात घ्यायची की सेबल ब्रशमध्ये बहुधा सेबल नसतो. चांगल्या ब्रशला ‘कोलिन्स्की सेबल’ म्हणतात. त्याचे केस सायबेरियन वीझल या लहान मांसभक्षी प्राण्याच्या, म्हणजे मुस्टेला सिबिरिकाच्या शेपटीचे असतात. ‘रेड सेबल’ हेही वीझलवर्गीयांचेच, जरा स्वस्त. ‘सेबलीन’ म्हणजे रंग दिलेले बैलाचे केस. आणि ‘कॅमल हेअर’ ब्रशमध्ये उंटाचा एकही केस नसतो, खारीचे किंवा इतर प्राण्यांचे असतात. त्यामुळे मराठी सूचनेत ‘सेबल नावाच्या प्राण्याच्या केसांचा ब्रश’ असं उलगडून लिहिणं म्हणजे मूळ लेखकाने न केलेली चूक आपण करणं. ‘सेबल ब्रश’ पुरे.

कोलिन्स्कीचा एक केस भिंगाखाली बघितला की या ब्रशचा मान कळतो. मुळाशी बारीक, मध्ये फुगीर, टोकाला पुन्हा निमुळता. असे शेकडो केस एकत्र बांधले की मध्ये पोट तयार होतं आणि पाणी त्यात साठतं. टोक मात्र सुईसारखं राहतं, दाबलं तर वाकतं आणि सोडलं की परत सरळ होतं. नायलॉनचा धागा सबंध एकाच जाडीचा काढून मग टोकाला निमुळता करतात. त्यात पाणी कमी राहतं आणि काही दिवसांत टोक आकडीसारखं वळतं.

सूक्ष्मजीवाश्मांच्या प्रयोगशाळेत, आपल्याकडे गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत फोरॅमिनिफेरावर (कवच असलेल्या एकपेशीय सागरी जीवांवर) काम चालतं तशा ठिकाणी, याचा वापर जवळून बघण्यासारखा आहे. समुद्रतळाचा गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुतात, मंद उष्णतेवर वाळवतात आणि तरंगत्या प्रजातींसाठी बरेचदा १५० मायक्रॉनवर पुन्हा चाळतात. नमुना वाटणी-यंत्रातून अर्धा-अर्धा करत साधारण ३०० कवचं उरतील इतका कमी करतात. मग चौकटी आखलेल्या काळ्या ताटलीत तो पातळ पसरायचा आणि द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली ‘०००’ क्रमांकाच्या सेबल ब्रशने एकेक कवच उचलायचं. ब्रश पाण्यात बुडवून टिपकागदावर एकदा टेकवायचा. टोक ओलं हवं, थेंब लटकता कामा नये. टोक कवचाला टेकलं की पृष्ठताणाने ते आपोआप चिकटतं, उचलायला जोर लागत नाही. साठ चौकटींच्या पट्टीवर आधीच ट्रॅगाकंथ डिंकाचा पातळ लेप दिलेला असतो. तिथे ब्रश टेकवला की ओलाव्याने डिंक सैल होतो आणि कवच बसतं.

बिघाड बहुधा ओलाव्यातच होतो. टोक जास्त ओलं असेल तर थेंब ताटलीत उतरतो, आजूबाजूचे दहा कण एकत्र गोळा होतात आणि मोजणी बिघडते. कोरडं असेल तर कवच उचललंच जात नाही, किंवा उडतं. कोरड्या हवेत नायलॉनच्या ब्रशवर स्थिर विद्युतभार येतो आणि हलकी कवचं टुणकन उडतात. सेबलचा आग्रह धरण्याचं हेही एक कारण. टोक जुळवण्यासाठी ब्रश ओठांत धरायची सवय अनेकांना असते. समस्थानिकं किंवा मॅग्नेशियम-कॅल्शियम गुणोत्तर मोजायचं असेल तर ती सोडायची आणि विआयनित पाणीच वापरायचं. ब्रशच्या क्रमांकाला सर्व कंपन्यांत समान माप नाही. एकाचा ‘०००’ दुसऱ्याच्या ‘०’ एवढा निघू शकतो. म्हणून पद्धत लिहिताना क्रमांकाबरोबर कंपनी आणि मालिका लिहावी.

कीटकशास्त्रातही असंच. मावा एका पानावरून दुसऱ्यावर हलवायचा तर थेट उचलू नये. त्याची सोंड पानात रुतलेली असते, ओढली तर तुटते आणि तो किडा प्रयोगातून बाद. ओल्या टोकाने पाठीवर हलकं चाळवायचं, तो सोंड काढून चालू लागला की मग उचलायचा. दंततंत्रज्ञ सिरॅमिकची भुकटी द्रवात कालवून दाताच्या सांगाड्यावर याच ब्रशने थर देतात. तिथे गळलेला एक केसही महागात जातो, कारण भट्टीत तो जळून थरात पोकळी राहते. खरेदी केल्यावर ब्रश धुऊन सैल केस आधीच काढून टाकावेत.

निगा राखण्याच्या सूचना मराठीत आणताना त्यांची कारणं गाळू नका, वाचक कारण कळलं तरच पाळतो. गरम पाणी नको, कारण धातूच्या नळीतला गोंद सुटतो. ओला ब्रश उभा ठेवू नका, पाणी नळीत उतरून लाकडी दांडा फुगतो आणि वरचा रंग तडकतो. आडवा वाळवा. महिनोन्महिने वापरायचा नसेल तर बंद डबीत ठेवा, कारण केस म्हणजे केराटिन आणि कसर त्यावरच जगते.

कायद्याची बाजूही इथे येते. मुस्टेला सिबिरिका भारताच्या विनंतीवरून साइटीस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात नोंदली गेली, त्यामुळे देशांदेशांतल्या व्यापाराला कागद लागू लागले. आणि आपल्या बाजारात बिनबिलाचा, स्वस्त, कडक-टोकदार, करडे-तपकिरी पट्टे असलेल्या केसांचा ब्रश ‘सेबलसारखा’ म्हणून पुढे केला तर तो मुंगसाचा असू शकतो. मुंगूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, त्याच्या केसांचा ब्रश बाळगणंही गुन्हा आहे. २०१९ साली वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ नावाने याविरुद्ध छापे घातले होते.

ब्रश सोडून वाळूकडे. फ्रेंच ‘साब्ल’ म्हणजे वाळू. फ्रेंच मृदा-अहवालात साब्ल, लिमों, अर्जील असे तीन रकाने असतात, म्हणजे वाळू, पोयटा, चिकणमाती. फ्रेंच पद्धतीत साब्ल ५० मायक्रॉन ते २ मिलिमीटर, लिमों २ ते ५० मायक्रॉन, अर्जील त्याखाली. काही मानकांत वाळूची खालची सीमा ६३ मायक्रॉन धरतात, म्हणून आकडे तसेच उचलून आपल्या तक्त्यात घालू नयेत, सीमा आधी तपासावी. कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियाजवळचं सेबल आयलंड हे याच वाळूवरून. साधारण ४० किलोमीटर लांब, अरुंद, चंद्रकोरीसारखं वाळूचं बेट. तिथले रानटी झालेले घोडे आणि ग्रे सील यांवर भरपूर शोधनिबंध आहेत. शब्द फ्रेंच असला तरी उच्चार इंग्रजी, म्हणून मराठीत ‘सेबल आयलंड’. त्याच प्रांताच्या नैर्ऋत्य टोकाला ‘केप सेबल आयलंड’ आहे, ते वेगळं. नकाशावर दोन्हींत शेकडो किलोमीटरचं अंतर आहे. बेकरीतलं ‘साब्ले’ बिस्कीटही याच कुळातलं: लोणी मैद्यात बोटांनी वाळूसारखं होईपर्यंत चोळतात, कणांवर स्निग्धाचा लेप बसतो, ग्लुटेन जुळत नाही आणि खुसखुशीतपणा येतो.

विशेषनामं भाषांतरित करायची नसतात हे माहीत असूनही ‘सेबल प्रणाली’ अनेकदा वाचायला मिळते. श्वसनमापनाच्या निबंधात ‘सेबल सिस्टिम्स’ ही ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारी उपकरणं बनवणारी कंपनी आहे. ‘सेबल-सीसी’ हे जावा या संगणक-भाषेत लिहिलेलं, व्याकरणावरून पदच्छेदक (पार्सर) तयार करणारं साधन, मॅकगिल विद्यापीठातून आलेलं. तिथल्याच सेबल गटाने जावासाठी ‘सूट’ ही चौकट केली. सूट म्हणजे काजळी, म्हणजे रंग त्यांनी धरून ठेवला. लिनक्सच्या अल्फा यंत्रांच्या यादीत ‘सेबल’ हे अल्फासर्व्हर २१०० या संगणकाचं सांकेतिक नाव आहे. हवामानशास्त्रातलं मोठ्या अक्षरांतलं ‘सेबल्स ९८’ म्हणजे १९९८ च्या सप्टेंबरमध्ये स्पेनमध्ये झालेला स्थिर सीमास्तराचा, म्हणजे जमिनीलगतच्या हवेच्या स्थिर थराचा प्रयोग. इंग्रजी नावाची आद्याक्षरं, प्राणीही नाही आणि वाळूही नाही.

शोधयंत्रातून आलेल्या यादीत काही नोंदी निव्वळ भुतं असतात. फ्रेंच ‘रेस्पॉन्साब्ल’सारखा शब्द ओळीच्या टोकाला तुटला की पुढच्या ओळीत एकटं ‘साब्ल’ उरतं. इंग्रजी ‘स्टेबल’मधला ‘टी’ छापील पान यंत्राने वाचताना गळला की ‘सेबल आयसोटोप’ तयार होतो. विशेषणाच्या जागी सेबल दिसला आणि अर्थ लागत नसेल, तर आधी मूळ पानाची प्रतिमा उघडून बघा.

मासळीचा तक्ता शेवटी ठेवला, कारण तिथली चूक आपल्या किनाऱ्याला थेट लागते. इंग्रजीतला ‘सेबलफिश’ म्हणजे अ‍ॅनोप्लोपोमा फिम्ब्रिया, उत्तर प्रशांत महासागरातल्या खोल उताराचा मासा. त्याला ‘ब्लॅक कॉड’ म्हणतात, पण तो कॉडच्या कुळातला नाही. कानातली अस्थी मोडून, भाजून तिच्यावरची वर्तुळं मोजतात आणि वय नव्वदीच्या पुढेही निघतं. मराठीत त्याला स्थानिक नाव नाही, ‘सेबलफिश’ लिहावं. पण जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या तक्त्यातल्या स्पॅनिश रकान्यात ‘पेझ साब्ले’ दिसलं तर तो हा मासा नव्हे. स्पॅनिशमध्ये साब्ले म्हणजे तलवार, आणि पेझ साब्ले म्हणजे ट्रायकियुरस लेप्टुरस, लांब, चपटी, चंदेरी पात्यासारखी. तिच्यापुढे मराठी रकान्यात ‘वाकटी’ लिहायचं.